हरीसाची वाटी

“तुमच्या घरात कुणाला होता का हो हा आजार, हेदीकाका?” दवाखान्यातून घरी आलेल्या जलीला नर्सनं विचारलं.

हेदीनं पावाचा तुकडा हरीसाच्या, मिरची वाटून केलेल्या तिखट लाल गोळ्यात बुडवला, तेल ओघळू दिलं आणि तोंडात टाकून म्हणाला, “आमच्या घरात? छे! बाबा पोटदुखीनं गेले, थोरला सादोकही पोटानंच गेला. आतडी नाजूक, दुसरं काय!”

अंगणात मिरच्यांच्या माळा ओवत बसलेल्या त्याच्या बहिणीचा, दूजाचा, हात सुईवरच थांबला. धाकटा भाऊ खोटं बोलत नव्हता. बाबा गेले तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं, आणि सादोक गेला तेव्हा तो सिसिलीत मासेमारीच्या बोटीवर होता. त्याला जे सांगितलं, तेच तो सांगत होता.

ट्युनिशियातल्या त्या नाबेल गावात या आजाराचं नाव कुणी घेत नसे. नाव घेतलं की आजार घराचा उंबरा ओळखतो, म्हणून बायका पांढऱ्या सफसारीची चादर तोंडावर ओढून नुसतं ‘ते वाईट’ म्हणत.

दूजाला मात्र सगळं आठवत होतं. बाबांची मिरचीची गिरणी, पट्ट्याची फटफट, शिंकत शिंकत हसणारी गिऱ्हाइकं. आणि ती दुपार, जेव्हा बाबांनी हरीसाची वाटी हातानं बाजूला सारली. “सोसत नाही,” एवढंच म्हणाले. शौचातून रक्त पडायचं. मिरचीवाल्याला मिरचीच बाधली, असं सगळा मोहल्ला म्हणाला. पुढच्या हंगामाच्या मिरच्या लाल झाल्या तेव्हा बाबा नव्हते. कितीतरी वर्षांनी सादोकनंही तशीच वाटी सारली. तेव्हा आईनं दूजाचं मनगट धरून बजावलं होतं, “हेदीला कळता कामा नये. त्याचं लग्न व्हायचंय. असल्या घरात मुलगी कोण देईल?”

आई गेली. हेदीचं लग्न झालं, मुलं झाली, गिरणी त्याच्याकडे आली. दूजाचं मनगट अजून कुणीतरी धरलेलंच होतं.

जलीलानं एक छोटी नळी पुढे केली. “शौचाचा कणभर नमुना यात घालून आणून द्या. पन्नाशी झाली की सगळ्यांनी करायची तपासणी आहे ही.”

“माझ्या पोटात काय आहे ते सरकारला कशाला हवंय? बघ ना, घोड्यासारखा खातोय!”

“घोडा आडवा पडल्यावर वैद्य आणून काय उपयोग? काही होत नाही तेव्हाच करायची. आत आधी बारीक कोंब येतो. तेव्हाच खुडला तर पुढचं टळतं.” ती उठता उठता म्हणाली, “घरात कुणाला झालेला असता, तर नुसत्या नळीवर भागलं नसतं. आतून कॅमेऱ्यानंच बघावं लागतं. पण तुमच्याकडे तसं काही नाही म्हणता.”

दूजा खाली मान घालून ओवत राहिली. तिच्यापुढे कोरडा पाव आणि नुसतं तेल होतं. हल्ली तिखटानं दात ठणकतात, असं तिनं घरात सांगितलं होतं.

नळीचा निकाल चांगला आला. हेदीनं खजुराचे गोड मकरूद आणून गल्लीभर वाटले. माळा ओवायला आलेली म्हातारी शेजारीण मन्नूबिया हसून म्हणाली, “आता हा आपल्या सगळ्यांना पोचवूनच जाणार!”

“खा गं दूजा,” हेदी म्हणाला. “दात दुखतात तर चोखून खा!”

दूजा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बाबाही वाटी सारण्याच्या आदल्या दिवसापर्यंत असेच खात होते.

“ती नळी तुझ्यासाठी नव्हतीच,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“बाबांना कॅन्सर होता. सादोकलाही.”

मन्नूबियाच्या हातातली मिरची गळून पडली. “अगं, भरल्या घरात नाव काय घेतेस! थुंक आधी!”

“त्याला हा उंबरा ठाऊकच आहे, मन्नूबिया आजी. नाव न घेता दोनदा आलाय.”

हेदीनं हातातला मकरूद खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “आणि माझी पोरं? त्यांना मी काय सांगायचं?”

“आधी तू ती कॅमेऱ्याची तपासणी करून ये.”

तो गेला. आदल्या संध्याकाळी पोट साफ करायचं औषध पिताना त्यानं डॉक्टरच्या सात पिढ्या उद्धरल्या. आत दोन कोंब निघाले, ते तिथल्या तिथे काढून टाकले. “वेळेवर आलात,” डॉक्टर म्हणाले. “सख्ख्या भावंडांनीही दाखवून घ्यायला हवं.”

त्याला पुन्हा सगळं खायची मुभा मिळाली, त्या दुपारी दोघं अंगणात जेवायला बसली. हेदीनं पाव मोडला, हरीसात चांगला घोळवला, आणि मग वाटी बहिणीपुढे सरकवली. दूजानं ती हाताच्या मागच्या बाजूनं परत लोटली. सवयीनंच.

हेदीचा घास हातातच राहिला. भिंतीपलीकडे गिरणीचा पट्टा फटफटत होता.

“दूजा, तुझे दात तर शाबूत आहेत.”

तिनं सुई उचलून आणखी एक मिरची ओवली.

“कधीपासून सोसत नाही तुला?”

“गेल्या वर्षीच्या मिरच्या वाळत होत्या तेव्हापासून.”

तिनं मांडीवरच्या माळेला गाठ मारली, सुई दोऱ्याच्या रिळात खोवली. खुंटीवरची सफसारी काढून नीट झटकली. डोक्यावरून घेतली, पण तोंडावर ओढली नाही.

“चल,” ती म्हणाली. “गिरणी बंद करून ये.”