पलीकडच्या लाईनचा शब्द

सुमनबाई नोकरीला कुठे जातात ते पंचवटीतल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे जाऊन त्या करतात काय, हे मात्र घरातही कुणाला नीट ठाऊक नव्हतं. "फोन जोडते," एवढंच त्या सांगत. शेजारच्या फुलाबाई कधी खोदून विचारायला लागल्या की म्हणत, "अहो, दोन बोलणाऱ्यांच्या मधली तार मी. तारेला काय कळतंय?"

शहराच्या एका अंगाला तोफांचं मैदान होतं आणि दुसऱ्या अंगाला विमानतळ. दोन्ही सरकारचीच, दोन्ही लष्कराचीच. पण सख्ख्या भावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात तसा कारभार. यांचे साहेब वेगळे, त्यांचे वेगळे. यांच्या खोलीत त्यांचा माणूस यायचा नाही, त्यांच्या कपाटाला यांचा हात लागायचा नाही. पण आकाश दोघांत एकच. इकडून गोळा उडणार आणि तिकडून विमान. म्हणून दोघांच्या मधे एक तार टाकलेली होती. तिला सगळे 'पलीकडची लाईन' म्हणत.

त्या लाईनवरून काय जायचं तेही ठरलेलं. तोफा चालू म्हणून मैदान विमानांना बंद आहे की उघडं, किती वाजेपर्यंत, किती उंचीपर्यंत. बस. तोफ कुठली, कुणी उडवतंय, कशासाठी, यातलं अवाक्षर जायचं नाही. तिकडूनही विमान कुठलं आणि आत कोण, ते यायचं नाही. जीव वाचवायला लागेल तेवढंच द्यायचं, बाकी ज्याचं त्याच्याकडे.

आणि निरोप घेण्याआधी शब्द विचारायचा. रोज सकाळी दोन्हीकडचे अधिकारी आपापल्या ऑपरेटरच्या कानात एक शब्द सांगून जात, दोन्हीकडे तोच. कधी फुलाचं नाव, कधी पाखराचं. तो लिहायचा नाही, घरी न्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी शिळा.

लाईनच्या पलीकडच्या टोकाला कमळाबाई पगारे असत. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं. पण चार वर्षं रोज बोलून सुमनबाईंना त्यांच्या घरातलं सगळं ठाऊक झालं होतं. कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या कामात कमळाबाई पुढे असत, त्यांचे यजमान शिक्षक होते, आणि त्यांना चहा इतका लागायचा की यजमान म्हणत, हिच्या अंगात रक्त नाहीच, चहाच आहे.

"काय सुमनबाई, आज कोणाचा वार? उपास की नुसता नेम?" कमळाबाई चिडवायच्या.

"आज नुसता नेम."

"तुमचा देव म्हणजे अगदी आमच्या साहेबांसारखा. सुट्टीच देत नाही."

"तो देतो हो, मीच घेत नाही."

असं चालायचं. सुमनबाईंचं घर कुठे आणि कार्तिकीला उद्यापनाचं जेवण कसं असतं, हेही कमळाबाईंना ठाऊक होतं. पहिली दोन वर्षं निरोपाआधी "शब्द?" असा प्रश्न यायचा आणि सुमनबाई तो सांगायच्या. मग कधीतरी घाईत तो राहिला. मग आणखी कधीतरी. "सुमनबाई का? बोला," एवढ्यावर भागू लागलं. चुलत बहीण दाराशी आली तर तिला कुणी नाव विचारतं का? सकाळी कॅप्टनसाहेब कानात शब्द सांगत, सुमनबाई मान हलवत, आणि फोनच्या बोर्डापाशी पोचेपर्यंत तो मनातून उतरलेला असे.

त्या वर्षी, म्हणजे एक्क्याऐंशी साली, आश्विनात आकाश निवळलं आणि मैदान रोज गाजू लागलं. सुमनबाईंचा चातुर्मास चालू होता. अकरा वर्षांपूर्वी यजमान दवाखान्यात पडून होते, तेव्हा त्यांनी नेम धरला होता: चार महिने एकवेळ जेवायचं, आणि ते मौनाने. ताटावर बसल्यावर तोंडातून शब्द गेला की जेवण तिथेच संपलं. उठायचं, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यावर राहायचं. यजमान बरे झाले, नेम राहिला. अकरा वर्षांत ताटावरून उठायची पाळी एकदाही आली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता. देवापुढे अभिमान बरा नव्हे हे कळत असूनही होता.

बोर्डाच्या खोलीला लागून एक लहानशी खोली होती, मधे पडदा. दुपारी त्या तिथे डबा उघडत, तेवढा वेळ बोर्डावर नवसाबाई बसत. नवसाबाई पेठ तालुक्यातल्या. आधी टपालाच्या टेबलावर होत्या, तिथून नुकत्याच इकडे बदलून आल्या होत्या. कामाला चोख, पण पलीकडच्या लाईनवर त्या अजून बोललेल्या नव्हत्या. त्या वेळेला लाईन गप्पच असायची. मैदान बाराला उघडायचं आणि तसा निरोप आधीच गेलेला असायचा.

त्या दिवशीही गेला होता. "बारानंतर उघडं," असं सुमनबाईंनी सकाळीच कळवलं होतं. साडेबाराला तिकडून एक विमान मैदानावरून जाणार होतं.

सुमनबाईंनी गाईचा घास बाजूला काढला, हात जोडले, आणि भाकरीचा पहिला तुकडा दोडक्याच्या भाजीला लावला. दोन घास झाले असतील. पडद्यापलीकडे बोर्डावर फोन आल्याची झडप खटकन पडली. मैदानावरून साहेबांचा आवाज इतका मोठा होता की पडद्यातून ऐकू आला. काम लांबलं होतं. मैदान तीनपर्यंत बंद. विमानतळाला ताबडतोब कळवा.

नवसाबाईंनी पलीकडची लाईन लावली. "हॅलो, मैदान तीन वाजेपर्यंत बंद हाय."

मग थोडं थांबून, "मी नवसाबाई. सुमनताईंच्या जागेवर."

मग, "शब्द? कसला शब्द? मला नाय माहीत. अहो बाई, निरोप तर घ्या!"

लाईन तुटली. पडदा सरकला. नवसाबाईंचा चेहरा उतरला होता. "ताई, ती बाई ऐकतच नाय. म्हनती, शब्द सांगा. काय सांगू?"

सुमनबाईंनी डाव्या हाताने खूण केली: कागद द्या. नवसाबाईंनी पेन्सिल आणि कागद पुढे केला. सुमनबाईंनी डाव्या हातात पेन्सिल धरली, आणि ती कागदावर तशीच टेकून राहिली.

आजचा शब्द कोणता?

सकाळ डोळ्यांपुढे आली. कॅप्टनसाहेब वाकले होते, त्यांच्या बुटांना ओली माती लागलेली होती, त्या मातीकडे बघत आपण मान हलवली होती. माती आठवत होती. शब्द नव्हता. त्यांनी डोळे मिटले. फूल होतं का? झाड? घड्याळ बाराच्या पुढे गेलेलं. उष्टा हात ताटावर तसाच. एका क्षणाला, आणि तो क्षण पुढे त्यांना फार दिवस खुपत राहिला, मनात आलं की आठवेल, आत्ता आठवेल, म्हणजे बोलावं लागणार नाही.

मग त्या उठल्या. उष्ट्या हाताने बोर्डाला शिवायचं नाही म्हणून डाव्या हाताने नवसाबाईंच्या डोक्यावरची फोनची पट्टी काढली, कानाला लावली. "जोडा," त्या म्हणाल्या. अकरा वर्षांचा नेम त्या एका शब्दात संपला.

"कमळाबाई, मी बोलतेय. मैदान तीनपर्यंत बंद आहे. विमान सोडू नका."

 मग कमळाबाईंचा आवाज आला, पण तो रोजचा नव्हता. "शब्द?"

"अहो, मी सुमन."

"आवाज ओळखला मी. पण आत्ताच कुणीतरी अनोळखी बाई तुमच्या जागेवरून बोलली, तिला शब्द माहीत नव्हता. आणि तुम्ही तर या वेळेला जेवताना बोलत नाही. आज कशा बोलताय? मला शब्द सांगा, सुमनबाई."

 ज्या आवाजावर दोन वर्षं दार आपोआप उघडत होतं, तोच आवाज आज संशयाचा झाला होता. आणि कमळाबाईंचं चुकत नव्हतं. कुणी आपल्या मानेवर सुरी धरून बोलायला लावलं असतं, तर आपला आवाज हाच असता.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या.

 मग कमळाबाई भराभर बोलल्या, "मग हा निरोप मी घेतला नाही. पण तुमच्याकडे काहीतरी बिघडलंय, एवढं मी साहेबांना सांगते. ते उलगडेपर्यंत विमान जागचं हलायचं नाही. सोडायला मात्र मला शब्द लागेल. ठेवते."

लाईन मेली. नवसाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "थांबलं का हो ताई?"

"थांबलं."

तेवढ्यात मैदानाकडून गडगडाट आला, खिडकीची काच थरथरली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. 

पलीकडची लाईन सोडून दुसऱ्या कुठल्या तारेवर शब्द काढायचा नाही, असा नियम. म्हणून सुमनबाईंनी मैदानावर फोन करून कॅप्टनसाहेबांना फक्त "तुम्ही स्वतः या" एवढंच कळवलं. ते जीपने आले. सुमनबाई उभ्याच होत्या. हात अजून धुतलेला नव्हता, भाजी बोटांवर वाळली होती.

"शब्द विसरले मी," त्यांनी सांगितलं.

साहेब जवळ आले. मग वाकून कानात म्हणाले, "कदंब." आणि सरळ होत विचारलं, "आजच विसरलात का?"

होय म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. माणूस एखादा दिवस विसरतो. पण खरं सांगितलं तर त्यात कमळाबाई येणार. न सांगणारी इकडे असली तरी न विचारणारी तिकडे होती. तिच्या नोकरीवर आपण काय म्हणून बोलायचं? आणि खोटं तरी कसं बोलायचं? आज एक नेम आधीच मोडला होता.

"आजच नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, मी तो सांगतच नव्हते."

"आणि तिकडून विचारत नव्हते?"

"तिकडचं तिकडे विचारा, साहेब. मी माझं सांगितलं."

चौकशी दोन्हीकडे वेगवेगळी झाली. यांचे कागद त्यांना दाखवले गेले नाहीत, त्यांचे यांना. तेवढे दिवस दोघींनाही त्या लाईनवर बसायला बंदी होती, त्यामुळे कमळाबाईंनी तिकडे काय सांगितलं ते कळायला मार्ग नव्हता. रात्री सुमनबाई देवापुढे बसत आणि जप करता करता मधेच थांबत. तिने सांगितलं असेल का, की सुमनबाई रोज शब्द द्यायची? माझ्यावर दया करून? मग आपण दोघी खोट्या ठरू. की सांगितलं असेल, सुमनबाईच म्हणाली होती, राहू द्या? तसं कधी म्हटलं नव्हतं, पण घाबरलेलं माणूस काय सांगेल याचा नेम नाही.

एकदा यजमान म्हणाले, "तू ताटावरून उठलीस त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. जीव वाचवायला उठलीस. देव काय हिशेब धरणार आहे?"

"त्याचं नाही लावून घेत मी," सुमनबाई सावकाश म्हणाल्या. "ताटावरचा नेम मी देवाचा म्हणून अकरा वर्षं पाळला. आणि तो दुसरा सरकारचा म्हणून सोडून दिला. खरं तर तोही तसाच होता. रोज करायचा, का म्हणून विचारायचं नाही, आणि ज्या दिवशी कामाला येईल तो दिवस आधी कळत नाही."

यजमानांना काही समजलं नाही, कारण दुसरा नेम कसला हे त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. ते आपले "खरंय" म्हणाले आणि पाट उचलून ठेवला.

पंधरवड्याने कॅप्टनसाहेबांनी बोलावलं. ताकीद मिळाली होती, नोकरी राहिली होती. नियम नवे झाले होते. 'थांबा' हा निरोप कुणाचाही, कुठल्याही आवाजातला, बिनशब्दाचाही मानायचा, शहानिशा नंतर. 'जा' मात्र शब्दाशिवाय कधीच नाही. आणि लाईनवरच्या बायका दर आठवड्याला बदलायच्या, म्हणजे आवाजाची ओळख व्हायला नको. सुमनबाईंना आतल्या बोर्डावर घेतलं होतं. पलीकडची लाईन आता त्यांच्याकडे यायची नव्हती.

"ठीक आहे," सुमनबाई म्हणाल्या. नियम बरोबर होता. तरी मान खाली घालूनच त्या वळल्या.

दाराशी साहेबांनी हाक मारली. "बाई, कागद मी पाहिलेला नाही, पण तिकडच्या साहेबांकडून कळलं. तिकडच्या बाईंनीही लिहून दिलं. तुमचं नाव नाही त्यात. एकच ओळ आहे: मी विचारत नव्हते."

 त्या दिवशी बस गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, जात होती तेव्हा सुमनबाईंनी खिडकीतून पाण्याला नमस्कार केला, तो रोजच्यापेक्षा थोडा लांबला.

कार्तिकी झाली. नेमाचं उद्यापन करावं की नाही, हा प्रश्न होता. मोडलेल्या नेमाचं उद्यापन कसलं? शेवटी त्यांनी ठरवलं की गाजावाजा करायचा नाही. चार बायकांना जेवायला घालायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून धरायचा. पुरण शिजत होतं, फुलाबाई पानं मांडत होत्या. दाराची कडी वाजली.

बाहेर एक उंच, सावळी बाई उभी होती. पांढरीशुभ्र साडी, काखेत पिशवी, पिशवीतून सीताफळं डोकावणारी. सुमनबाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. बाई नुसती हसत होती, बोलत नव्हती.

"कोण पाहिजे?" सुमनबाईंनी विचारलं.

बाईंनी पायातल्या चपला काढल्या. "तुमच्या देवासाठी आले नाही हां, आधीच सांगते. जेवायला आले. आता आवाज पुरेल, का शब्द सांगू?"

सुमनबाईंचा हात उंबऱ्यावरच्या चौकटीला गेला. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्या दारातून बाजूला झाल्या नाहीत.

"शब्द," त्या म्हणाल्या.

"कदंब."

"तो शिळा झाला."

"हो, तुमच्याकडे शिळं चालत नाही, माहीत आहे मला," कमळाबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला निदान आठवला तरी."

सुमनबाई बाजूला झाल्या. पाय धुवायला पाणी दिलं, आणि आत एक पान वाढवायला फुलाबाईंना सांगितलं. फुलाबाईंनी पदराआडून विचारलं, "या कोण हो? कुठल्या ओळखीच्या?"

"तारेच्या पलीकडच्या," सुमनबाई म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.