जुन्या यंत्राचा छोटा पेनड्राइव्ह

पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली: सुरू करता येईल अशी डिस्क सापडली नाही. ऑर्लिनने शिवी हासडली आणि पेनड्राइव्ह उपटून काढला. सकाळपासून तेच दळण चाललं होतं.

मिनेसोटातल्या त्यांच्या तळघरात बायकोचं, आर्लिसचं, गोधडी शिवायचं भलंमोठं यंत्र होतं. यंत्र ठणठणीत, पण ते चालवणारा कॉम्प्युटर म्हातारा; विंडोज एक्सपीशिवाय त्याचं पान हलत नसे. त्याची हार्ड डिस्क गेली. ऑर्लिनने दुसरी बसवली. आता तिच्यावर एक्सपी टाकायचं, तेही पेनड्राइव्हवरून.

शनिवारी कॅरिनचं लग्न होतं. तिची आई मार्वा, आर्लिसची धाकटी बहीण, वारली तेव्हा वेलीची एक नक्षी मागे ठेवून गेली होती. लेकीच्या गोधडीसाठी ती तिने थेट याच यंत्राच्या पडद्यावर काढली होती. ती वेल अर्धी शिवून झाली होती. कापड अजून चौकटीवर ताणलेलं होतं.

"आयुष्यभर ट्रॅक्टर खोललेस आणि एवढंसं खेळणं ऐकेना तुझं?" आर्लिस जिन्यावरून म्हणाली. ऑर्लिनने पुढचा पेनड्राइव्ह खोचला. डोकं आधीच तापलेलं होतं.

नवे कोरे पेनड्राइव्ह त्याने लॅपटॉपवर एक्सपीसाठी पुन्हा पुन्हा तयार केले. दर वेळी प्रोग्राम विचारायचा, यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल ना? दर वेळी तो 'हो' दाबायचा. शेवटी इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेलं सापडलं की इतके जुने कॉम्प्युटर मोठे पेनड्राइव्ह ओळखतच नाहीत, लहान आणि जुना घ्या. दोऱ्यांच्या डब्यात बियाणे कंपनीने फुकट वाटलेला एक होता. तो लॅपटॉपला लावला. प्रोग्रामने विचारलं, आणि डोळ्यांनी वाचायच्या आत बोटाने 'हो' दाबलं होतं.

या वेळी कॉम्प्युटर सुरू झाला. एक्सपी चढलं, यंत्राचा प्रोग्रामही चढला. ऑर्लिनने आनंदाने टेबलावर थाप मारली आणि आर्लिसला हाक दिली. ती पिठाचे हात पुसत धावत खाली आली.

"आता मार्वाची वेल घाल," ती म्हणाली. "त्या डब्यातल्या पेनड्राइव्हवर आहे. जुनी डिस्क कुरकुरायला लागली तेव्हाच मी काढून ठेवली होती."

ऑर्लिनने कॉम्प्युटरला लावलेला बियाणे कंपनीचा पेनड्राइव्ह काढून हातात घेतला. आर्लिसला विचारावं लागलं नाही.

तो म्हणाला, की शिवलेल्या अर्ध्या भागावरून उरलेली वेल उतरवून घेता येईल, उलटी करून.

"तिने एक पान दुसऱ्यासारखं काढलं नव्हतं," आर्लिस म्हणाली. तिने शिवलेल्या वेलीवरून हात फिरवला, जिथे टाके संपत होते तिथपर्यंत. मग भिंतीवरचा फोन काढून त्याच्या हातात दिला.

"कॅरिनला तूच सांग, गोधडी अर्धीच राहील. आणि यंत्र सुरू झालं, हे नको सांगूस; यंत्रामुळेच राहिली असं वाटू दे तिला."