बिशप केलेले दात

आमच्या तबेल्यात घोडा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक घोड्याचं तोंड उघडून बघत नसे. दादा सांगतील ते वय खरं, असा बाजारात लौकिक. याचा दादांना तोरा, आणि मला, त्यांच्या लेकीला, त्याहून जास्त.

म्हणून त्या सकाळी म्हातारीचा ओठ वर केला तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हातारी म्हणजे आमची एकोणीस वर्षांची घोडी. तिच्या झिजून सपाट झालेल्या दातांवर खळगे कोरून तापल्या सळईनं काळे केले होते. असे खळगे तरण्या घोड्याला असतात. मी जनावरांची डॉक्टर, मला कोण फसवणार!

"दादा, हे तुम्ही केलंत?"

"मग काय करू? खरं वय सांगितलं तर खाटकाशिवाय कोण नेणार तिला? नुसतं बसवून खायला घालायची ऐपत आहे का आपली? त्या घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाई येतायत. त्यांच्याकडे जगेल तरी. खोटं माझ्या तोंडून निघायचं नाही, म्हणून दातांकडून वदवायचं."

मला रडू यायला लागलं, म्हणून मी भांडले. "याला इंग्रजीत शब्द आहे, दादा. बिशप करणं. बिशप नावाचा कुणी हे करायचा म्हणे. घोडे मेले, गिऱ्हाइकं मेली, तोही मेला. नाव तेवढं उरलं."

दादा खरारा करत राहिले. मग म्हणाले, "पोरंबाळं होती त्याला?"

"कुणास ठाऊक."

"असतील तर ती काय सांगत असतील, आपण कुणाची पोरं म्हणून?"

बाई आल्या. म्हातारीच्या मानेवरून हात फिरवला, तीही लाडात येऊन त्यांच्या खांद्याला तोंड घासू लागली. "वय काय, दादा?" दातांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दादा म्हणाले, "दात सात सांगतील. ती एकोणीसची आहे. दात मी केलेत."

"तुम्ही?" बाई एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. दादांबद्दल इतका राग आणि इतकी माया मला एकाच वेळी कधी वाटली नव्हती.

खाटकाला दादांनी दारातूनच परत पाठवलं आणि स्वतःच्या तंबाखूला कात्री लावली. म्हातारीला आता गवत नीट तोडता येत नाही. दादा ते बारीक कापून, भिजवून भरवतात.

बातमी बाजारभर झाली. आता येणारा प्रत्येक जण आधी तोंड बघतो. घोड्याचा ओठ वर धरून दादाच उभे असतात.