पापणी उचलेना

दवाखान्यात तिला सगळे भूलताई म्हणत. शस्त्रक्रियेआधी माणसाला भूल द्यायची, काम आटोपलं की शुद्धीवर आणायचं, हे ती वीस वर्षं करत होती. सर्जन गमतीनं म्हणायचे, "ही नुसती बघते आणि पेशंट घोरायला लागतो."

त्या सकाळी ती पित्ताशय काढलेल्या शिंपीणबाईंना बघायला गेली. बाई पलंगावर ताठ बसून होत्या. पाठ टेकायला तयार नव्हत्या.

"ताई, सर्जनसाहेबांच्या मुलीचं लग्न मोडलं का हो?"

भूलताई पलंगाशी आली. हे बोलणं झालं होतं खरं, पण बाईंच्या पोटावर छेद घेतल्यावर.

"मी ओरडत होते," बाई म्हणाल्या, "पण तोंड हलेना. साधी पापणी उचलेना. मला वाटलं, आपण मेलो. आणि मेल्यावरही दुखतंच."

भूलताईला लख्ख आठवलं. औषधं तीन: एक झोपेचं, एक वेदनेवरचं, एक स्नायू लुळे पाडणारं. बाईंची नाडी एकाएकी धावायला लागली, तेव्हा तिनं वेदनेवरचं वाढवलं. दहा मिनिटांनी नजर गेली, तर झोपेच्या औषधाची वाफ देणारं भांडं कोरडं ठणठणीत. तिनं ते मुकाट्यानं भरलं आणि मनाला बजावलं, काही झालेलं नाही. स्नायूंचं औषध मात्र चोख चालू होतं. वरून बाई अगदी शांत दिसत होत्या.

"भूल उतरताना भास होतात, असं सांगून टाक," तिनं हे सांगितल्यावर सर्जन म्हणाले. "उगाच अंगावर कशाला घेतेस?"

ती परत गेली आणि बाईंजवळ स्टूल ओढून बसली. "तो भास नव्हता. तुम्ही जाग्या होता. चूक माझी."

बाई तिच्याकडे वळल्या. मग हुंदका फुटला. "म्हणजे मला वेड नाही लागलं."

भूलताईनं सगळं लिहून दिलं. चौकशी झाली, सर्जननी अबोला धरला. ते तिनं सोसलं. पण टेबलावरचा माणूस निपचित पडला की आता तिच्या अंगावर काटा येई. यंत्रावर सगळे आकडे ठीक असत, तरी ती वाकून मिटल्या डोळ्यांशी कुजबुजे, "ऐकू येतंय का?" उत्तर येत नसे. उत्तर येणारच नव्हतं, आणि तेच तिला छळे.

तीन महिन्यांनी एका रविवारी ती बाईंच्या घरी गेली. लेकीनं दार अर्धवटच उघडलं.

"अजून खुर्चीतच झोपते ती. आता कशाला आलात?"

"येऊ दे गं त्यांना," आतून बाई म्हणाल्या. शिलाई यंत्र बाजूला सारून त्या उठल्या आणि चटईवर हळूच आडव्या झाल्या. "बसा इथं. मी हलले नाही तरी उठवाल ना?"

"उठवेन."

बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. जेमतेम पाच मिनिटं डोळा लागला, मग त्या घामाघूम होऊन दचकून उठल्या. भूलताई पुढच्या रविवारीही गेली.