सर्वानुमते हकालपट्टी

मानवजातीच्या इतिहासात सत्तेचा संपूर्ण आणि कायमचा अंत पहिल्यांदा झाला तो एका चष्म्याच्या दुकानाखालच्या तळघरात, एका रविवारी दुपारी. त्यानंतर आता पंखा कोणी लावायचा यावर जो वाद सुरू झाला, तो जेवणाची वेळ टळली तरी मिटेना. हुकूम सोडणारा कोणी उरला नव्हता, आणि ऐकणारा तर आधीपासूनच नव्हता.

तळघर चष्मेवाल्याचं. म्हणजे खाजगी मालमत्तेला त्याचा तात्त्विक विरोध असल्यामुळे बायकोच्या नावावर. वर दुकानात तो दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढी आणि खाली बसून व्यवस्थेची पिसं काढणारी पत्रकं लिही. बास गिटारही तो तिथंच वाजवी. त्याची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, आठवडाभर वीजबिलांच्या खिडकीवर लोकांच्या शिव्या खाई आणि रविवारी त्या सगळ्या ड्रमवर काढी. गणिताच्या बाई गिटार वाजवीत आणि गात. गात म्हणजे ओरडत, पण मोजून. चौथा होता वहिनींचा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करी म्हणून लिफ्टवाला. तो ट्रंपेट वाजवी. निदान त्याचं तसं मत होतं.

या चौघांच्या बँडला नाव नव्हतं. नावावर एकमत झालं नव्हतं, म्हणून हातानं रंगवलेल्या पोस्टरवर ती जागा कोरी सोडत. एकमत हा तिथला एकमेव कायदा. बहुमत म्हणजे जास्त लोकांची दादागिरी, असं चष्मेवाल्यानं पूर्वीच सिद्ध केलं होतं. त्यामुळे एकाचीही हरकत असली तर ठराव बारगळे. खुर्ची हे सगळ्या सत्तेचं मूळ, म्हणून खुर्च्याही विकून टाकल्या होत्या. सगळे सतरंजीवर बसत आणि उठताना एकमेकांच्या खांद्याला धरून उठत. याला चष्मेवाला परस्परसहकार्य म्हणे, वहिनी गुडघे म्हणत.

तरी तिथल्या रविवारांना तोड नव्हती. जयंत्या आणि पुण्यतिथ्या सरकारही करतं, म्हणून हे लोक थोर बंडखोर विचारवंतांच्या अटकतिथ्या साजऱ्या करीत. एक विचारवंत तर इतक्यांदा आत गेला होता, की निम्मं वर्ष त्याच्याच वाट्याला येई. आधी त्याचं एखादं पान मोठ्यानं वाचायचं, मग कुठून कुठून हातोहात आलेल्या खरखरत्या कॅसेटी ऐकायच्या, मग घड्याळाच्या गुलामगिरीचा निषेध म्हणून तासभर काहीही न करता पडून राहायचं. या निषेधात लिफ्टवाल्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो घोरत निषेध करी. आणि शेवटी कान किटेपर्यंत वाजवायचं.

ठिणगी पडली ती एका आमंत्रणानं. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात काही तरुण पोरंपोरी, पोलिसांना, पालकांना आणि शेजाऱ्यांना न विचारता, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम करीत. त्यांच्या हाती या बँडची एक टेप लागली. ती ऐकून पोरं वेडी झाली आणि पुढच्या महिन्यातल्या अटकतिथीला येऊन वाजवा म्हणाली. चौघांना खरेखुरे श्रोते मिळणार होते. अडचण एवढीच, की त्या टेपवर ट्रंपेट नव्हतं. त्या रविवारी एक वकील कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकला होता आणि लिफ्टवाला त्याला काढायला गेला होता.

त्या वकिलाचे आपल्यावर फार उपकार आहेत, असं म्हणून बाईंनी सतरंजीवर ठराव मांडला. लिफ्टवाल्याला बँडमधून काढावं.

“माझी हरकत आहे,” लिफ्टवाला म्हणाला.

स्वतःबद्दलच्या ठरावावर माणूस स्वतः कसं मत देतो, असं बाईंनी चष्मेवाल्याला विचारलं. चष्मेवाल्याचा चेहरा दाढ काढायला बसल्यासारखा झाला. मेहुणा त्यालाही नकोच होता, पण सर्वानुमत म्हणजे सर्वांचं मत, आणि हे वाक्य त्याच्याच पत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. बाई म्हणाल्या, मग मी राजीनामा देते. राजीनामा मंजूर व्हायला एकमत लागत होतं. लिफ्टवाल्याची हरकत होती. चष्मेवाल्यानं बँडच विसर्जित करू म्हणून सुचवलं. त्यालाही लिफ्टवाल्याची हरकत होती. जिथं कोणी कोणाला कसलीच सक्ती करायची नाही असं ठरलं होतं, तिथून आता कोणाला बाहेरही पडता येईना.

“दाजी, तुमचा कायदा छान आहे हां,” लिफ्टवाला म्हणाला. “मला आधी एवढा कळला नव्हता.”

मग जे रविवार आले ते शत्रूवरही येऊ नयेत. लिफ्टवाल्यानं ट्रंपेट तोंडाला लावलं, की बाई गिटारच्या तारा पिळू लागत. तो ट्रंपेटातली थुंकी झटके ती नेमकी बाईंच्या बाजूच्या सतरंजीवर. वहिनी भावाच्या कानाशी येणारी झांज दात खाऊन हाणत. चष्मेवाल्यानं चळवळीतल्या बेसूर घटकांविरुद्ध एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि त्याच्या घड्या घालायला त्या घटकालाच बसवलं. त्यानं सगळ्या घड्या नीट घातल्या. वाचलं एकही नाही. मधल्या एका अटकतिथीला सुद्धा कोणी कोणाशी बोललं नाही. पान वाचून झाल्यावर चष्मेवाल्यानं स्वातंत्र्याचा जयजयकार केला आणि त्याला भिंतींनी उत्तर दिलं. एकदा तर काहीही न करण्याच्या तासातही चौघं एकमेकांकडे पाठ करून पडले होते आणि एकालाही झोप लागली नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी बाईंचा बांध फुटला. त्यांनी आवाज चढवला नाही. वर्गात फळा पुसताना बोलावं तशा त्या लिफ्टवाल्याशी बोलल्या.

“तुम्हाला संगीत नको, विचार नकोत. दुसरीकडे कुठं कोणी उभं करत नाही, म्हणून तुम्ही इथं चिकटलाय.”

चष्मेवाला भिंतीकडे पाहू लागला. बाईंनी बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. लिफ्टवाल्याला बायको नव्हती, मुलं नव्हती. त्याचा आठवडा विहिरीसारख्या अंधाऱ्या पोकळीत, दोरखंडांना तेल देत जाई.

“बरोबर आहे बाई,” तो म्हणाला. “तिकडं मला कोणी काही विचारत नाही. लिफ्ट चालू झाली की लोक माझ्या अंगावरून आत घुसतात. इथं पंखा लावायचा का, हेसुद्धा मला विचारतात.” मग थोडा थांबून तो म्हणाला, “जाऊ दे. माझी हरकत नाही. काढा मला.”

बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला, पण तो अर्ध्यातच अडकला.

“माझी आहे,” वहिनी म्हणाल्या.

“तुझी?” चष्मेवाला म्हणाला. “अगं, परवा तूच म्हणालीस ना, याच्या नरड्यात चिंधी कोंबा म्हणून?”

“म्हणाले. आजही म्हणते. पण इथून काढलात, की हा रविवारी कुठं जाईल? वर. माझ्या स्वयंपाकघरात. मी पोळ्या लाटायच्या आणि यानं ओट्याला टेकून फुंकायचं. मला नाही चालायचं.”

लिफ्टवाला खाली मान घालून हसला. ताईचं प्रेम त्याच्या वाट्याला लहानपणापासून असंच येत होतं. शेवटी बराच वेळ तोंडाला तोंड देऊन एक तोडगा निघाला: त्यानं मंचावर यावं, ट्रंपेट हातात धरावं, फुंकू नये. हा ठराव मात्र सर्वानुमते मंजूर झाला. बँडच्या इतिहासातला तो पहिलाच.

बर्फाच्या कारखान्यात गर्दी होती. केस हिरवे, निळे, काहींचे नव्हतेच. भिंती अजून ओल धरून होत्या आणि पोरं त्यांना पाठ लावून उभी होती. चष्मेवाल्यानं विचारवंताच्या अटकेची हकीकत सांगायला सुरुवात केली. तो न्यायाधीशापर्यंत पोचायच्या आत पोरं ‘वाजवा, वाजवा’ म्हणून पाय आपटू लागली. पहिलं गाणं झालं. पोरं नाचली. वहिनींनी तर खिडकीवरच्या सगळ्या वर्षांचा हिशेब चुकता केला. लिफ्टवाला हातात ट्रंपेट घेऊन लग्नातल्या फोटोसारखा ताठ उभा होता.

दुसऱ्या गाण्यात त्याला राहवलं नाही.

जो आवाज निघाला, त्याला उपमा देणं कठीण आहे. दाराशी बसलेला कुत्रा उठून गेला. पोरं थबकली, मग शिट्ट्या सुरू झाल्या. ‘भोंगा बंद करा’ असं कोणी ओरडलं, एक कागदी पेला उडत येऊन लिफ्टवाल्याच्या छातीवर आपटला, त्यामागून आणखी आले. हिरव्या केसांचा एक पोरगा मंचावर चढला आणि त्यानं सरळ ट्रंपेटला हात घातला.

“काका, तुम्ही उतरा. बाकीचे राहू देत.”

बाईंनी गिटार थांबवली. आता बाईंच्या मनासारखं होतंय, असं चष्मेवाल्याला वाटलं. वहिनींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांची काठी हवेतच राहिली. बाई चालत आल्या आणि पोरगा नि ट्रंपेट यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

“हात काढ,” त्या म्हणाल्या. पोरानं काढला. कधीतरी बाईंच्या गणिताच्या तासाला बसलेला दिसत होता. “याला हाकलायचा अधिकार फक्त आम्हाला आहे. आणि आमचं एकमत झालेलं नाही.”

पोरगा पाठीमागे सरकत सरकत खाली उतरला. मागून कोणीतरी पुन्हा शिटी मारली; बाईंनी त्या दिशेला नुसतं पाहिलं आणि ती शिटी मधेच विरली. चष्मेवाल्याचे डोळे भरून आले होते. माणूस माणसासाठी उभा राहतो तो हाच क्षण, यावर एक पत्रक त्याच्या मनात तयार होऊ लागलं. बाईंनी लिफ्टवाल्याकडे न बघताच पट्टा खांद्यावर नीट केला आणि म्हणाल्या, वाजवा. चौघांनी सुरुवात केली.

लिफ्टवाल्यानं ट्रंपेट ओठांना लावलं, पुन्हा खाली घेतलं, आणि बाईंच्या कानाशी वाकला.

“बाई, रागावणार नसाल तर तेवढं सांगा. आपण कुठलं गाणं वाजवतोय?”