गंजमावशींची शेवटची फुली

"दाबून मारा हं मावशी, दयामाया नको," म्हणत पोरीने डोळेच मिटून घेतले.

मावशींनी रंगवलेल्या पत्र्यावर पात्याने फुली ओढली. पार खाली लोखंड लागेपर्यंत. मग पत्रा मिठाच्या धुक्याच्या पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

×

थांबा, आधी मावशींचं सांगायला हवं. रंगाच्या कारखान्यात त्यांचं काम एकच. पत्र्याला जखम करायची, त्याला खारट धुकं पाजायचं आणि गंज कुठवर सरकला ते बघायचं. उभा जन्म गंजवण्यात गेला. "माझ्या सायकलकडे बघू नका हो, गंजमावशी!" दरवान रोज ओरडायचा. त्या रोज बघायच्या.

त्या पेटीतून कोरा, बिनगंजाचा पत्रा मात्र कधी बाहेर आला नाही. एक तरी बघून घरी जावं, एवढंच मनात होतं. आणि निवृत्ती तर दाराशी येऊन उभी.

×

पोरगी रसायनवाली. रंगात डोळ्यांना न दिसणारे नॅनोकण घालायची. "ओरखडा पडला की कणांतलं औषध तिकडे धावतं," असं सांगायची. आजवर ते धावलं नव्हतं. याही खेपेला बसून राहिलं, तर साहेब प्रयोगच गुंडाळणार होते.

×

मावशींचा शेवटचा दिवस. झाकण उघडलं.

शेजारचा जुन्या रंगाचा पत्रा तांबडालाल, ओघळलेला. पोरीचा? कोरा!

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "खरं सांगा मावशी, हात हलका ठेवलात ना?"

मावशींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. ठेवला असेल का? पोरीवर जीव तर होताच.

"भिंग आणा," त्या म्हणाल्या.

भिंगाखाली, फुलीच्या तळाशी, उघडं लोखंड चमकत होतं. बाळाच्या पहिल्या दातासारखं.

"बापरे! हा ओरखडा आहे की विहीर?" साहेब उद्गारले.

"दयामाया नको म्हणाली होती ना!"

पोरीने मावशींना उचलून गरकन फिरवलं.

"अगं सोड, सांधे गंजलेत माझे!"

×

"निरोपाला घड्याळ नाही, काही नाही, पत्रा दिला?" हसून हसून नवऱ्याची पुरेवाट झाली. "आणि तोही चरे पडलेला!"

"चरे माझेच आहेत."

मावशींनी तो स्वयंपाकघरात नळाच्या अगदी वर टांगला. नळ सोडताच पाणी फुलीवर उडालं. सवयीने हात फडक्याकडे गेला.

मग फडकं तसंच ठेवून त्या भांडी घासायला लागल्या. शीळ घालत.