सालिकचं नाव

"पुन्हा तेच पाणी? गेल्या आठवड्यात नेलंस की याच जागेवरून," होडीचं इंजिन बंद करत एनोक म्हणाला.

"गेल्या आठवड्यातले जिवाणू आता म्हातारे झाले," मेटे हसली आणि तिने दोरीला बांधलेली नळी खाली सोडली.

ग्रीनलंडच्या त्या उपसागरात एनोक संशोधन केंद्राची होडी चालवायचा. दर उन्हाळ्यात कोपनहेगनहून मेटेसारखे शास्त्रज्ञ यायचे, खोलातलं पाणी उपसायचे, गाळायचे, तपकिरी बाटल्यांत भरून न्यायचे. ह्यांच्या देशातलं पाणी संपलं वाटतं, अशी गावात त्यांची टिंगल चाले. एनोकही टिंगल करायचा, पण मेटेची जरा कमी. ती बरेच उन्हाळे त्याच्या होडीत येत होती. तिला मासा साफ करायला शिकवलं ते त्याच्या मुलाने, सालिकने.

तो सालिक गेल्या शरदात ह्याच पाण्यात गेला. एकटाच हॅलिबट माशासाठी गळ टाकायला निघाला होता. दुसऱ्या दिवशी होडी सापडली, गळ सापडले, सालिक काही सापडला नाही.

त्याची आई बोलेट तेव्हा रडली नाही. ती वाट बघायला लागली. बर्फ फुटला की समुद्र त्याला वर आणेल, हे तिने घट्ट धरून ठेवलं होतं. बर्फ फुटला, उन्हाळा आला, किनाऱ्यावर कॅपेलिन मासळीचे ढीग लागले, तरी ती दुर्बीण घेऊन खिडकीतच. समुद्रातलं काहीही ती तोंडात घालेना. कोळ्याच्या घरात दुकानातलं मटण शिजायला लागलं. का, ते एनोकने विचारलं नाही. विचारायची त्याची छातीच झाली नाही.

आणि मधेच हे नावाचं निघालं. माणूस गेला की त्याचं नाव गावात पुढे जन्मणाऱ्या बाळाला देतात. नुसतं नाव नव्हे, नावाबरोबर माणूसही परत येतो. एनोकची भाची पिपालुक हिला वसंतात मुलगा झाला. येत्या रविवारी त्याचा बाप्तिस्मा होता. बाळाला घेऊन ती बोलेटकडे कितीदा येऊन गेली.

"मामी, बाळ सारखं रडतंय गं. म्हाताऱ्या म्हणतात, त्याला त्याचं नाव हवंय."

"नाव अजून रिकामं झालेलं नाही," बोलेट म्हणायची, आणि पिपालुक आल्या पावली परत जायची.

बोलेटने होकार दिला नाही तर बाळाला दुसरंच नाव मिळणार होतं, आणि सालिकचं नाव बेवारस वाऱ्यावर राहणार होतं. तेवढं एनोकला नको होतं.

मेटेचा छोटा पंप पाणी गाळत होता.

"मेटे, हे तुझे जिवाणू करतात तरी काय?"

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा विचारलं, म्हणून तिला भलताच आनंद झाला. "वरचं शेवाळ हवेतला कार्बन घेऊन वाढतं ना, ते मरून खाली पडतं. हे त्याला खातात आणि श्वास सोडतात, तुझ्या-माझ्यासारखा. तो कार्बन पाण्यात येतो, तिथून हळूहळू हवेत. पण सगळं काही त्यांच्याच्याने संपत नाही. राहिलेलं तळाला जातं."

"तळाला गेलेलं?"

"राहतं तिथेच. हजारो वर्षंसुद्धा."

"वर नाही येत?"

ती उत्तर द्यायला गेली आणि त्याचा चेहरा बघून थांबली.

"सांग. फिरवून सांगू नकोस."

"उबदार समुद्रात जिवाणू शरीरात वायू तयार करतात," ती सावकाश म्हणाली. "त्याने माणूस वर येतो. इथल्या गारठ्यात, इतक्या खोल, तो वायू तयारच होत नाही. सालिक वर येणार नाही, एनोक."

त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. इथला समुद्र घेतलेलं परत देत नाही, हे त्याचा बापही जाणून होता. पण मुलाचं नाव घेऊन अजून कोणी ते म्हटलं नव्हतं. त्याने मान डोलावली. बाटल्या भरून झाल्यावर त्याने इंजिनची दोरी ओढली आणि होडी गावाकडे वळवली.

घरी बोलेटने सूप वाढलं.

"बोलेट, तो वर यायचा नाही."

"तुला काय माहीत?"

"मेटेला विचारलं मी."

"पाणी बाटलीत भरणारी बाई ती. तिला माझ्या मुलाचं काय कळतंय?"

एनोकने जमेल तसं सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग अगदी हलक्या आवाजात तिने विचारलं, "कोणी खाल्लं त्याला? माशांनी?"

उभं आयुष्य मासे चिरण्यात गेलेल्या माणसाला मासे काय काय खातात ते सांगावं लागत नाही.

"नाही," तो म्हणाला. "मासे नाहीत. हे जिवाणूच. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. त्यांना दात नसतात, बोलेट. थंडीत फार हळू, जरासुद्धा न दुखवता. आणि मग श्वास सोडतात. तो वर येतो. हवेत."

बायकोशी खोटं बोलताना एनोक नेहमी पकडला जायचा. आज तिने ते चालवून घेतलं. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग सूप गार झालं म्हणाली, ते गरम करायला उठली आणि चुलीपाशीच तिचा बांध फुटला. इतक्या महिन्यांचं रडणं होतं ते. एनोक तिला धरून उभा राहिला. त्यालाही रडू आवरेना.

"पिपालुकला निरोप दे," ती बऱ्याच वेळाने म्हणाली.

रविवारी मण्यांची गळपट्टी, सीलच्या कातड्याची विजार आणि बूट घालून बोलेट चर्चमध्ये उभी राहिली. धर्ममाता म्हणून बाळ तिच्याच हातात होतं. गाव गोळा झालं होतं. मेटेही मागच्या बाकावर होती.

"बाळाचं नाव काय?" पाद्र्यांनी विचारलं.

पिपालुकने नवऱ्याचा हात घट्ट धरला. एनोकला वाटलं, बोलेटला हे जमायचं नाही.

बोलेट समोरच्या भांड्यातल्या पाण्याकडे बघत होती.

"गार आहे का हो?" तिने विचारलं.

"नाही, बोलेट. कोमट करून आणलंय."

तरीही तिने बाळ डाव्या हातावर घेतलं, उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. पाद्री थांबून राहिले. मग तिने हात बाहेर काढून विजारीला पुसला आणि नाव सांगितलं.